एकाच खुणेचे दोन कळप

खंडेनवमी आली की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न निघतो. आमचे हे वाळूजला एका टूलरूममध्ये फिटर आहेत. त्या दिवशी सकाळीच पाट मांडतात, त्यावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, हातोडी अशी आपली सगळी फौज तेलाच्या फडक्यानं पुसून ओळीनं लावतात, हळदकुंकू वाहतात, झेंडू ठेवतात. शेजारी सुतारांकडं रंधा आणि करवत पुजलेली असते. समोरच्या भाऊंकडं तर अख्खी रिक्षा. एकदा पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा ह्यांचा कडक नियम. एकदा खिडकीचा खिळा निघाला होता तर दिवसभर दगडानं ठोकत बसले, पण हातोडी उचलली नाही. तर सगळी मांडामांड झाली की हे माझ्याकडं वळून विचारतात, "तुझं काय ठेवायचं?"

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. आयुष्य गेलं त्यात. पण माझ्याकडं हत्यार असं नाही. स्क्रूड्रायव्हर मी हातात धरत नाही, मशीनचं झाकण खोलायचं असेल तर गिऱ्हाइकाला सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते. माझं काम आतलं, डोळ्यांना न दिसणारं. एका वर्षी हौसेनं पाटावर माउस ठेवला. ह्यांनी भक्तिभावानं हळद वाहिली, ती त्याच्या पोटात गेली आणि दसऱ्याच्या दिवशी मी माझाच माउस टूथब्रशनं घासत बसले. तेव्हापासून मी पाटापुढं नुसते हात जोडते.

माझं माहेर करमाडचं, घर शेतीवाल्यांचं. लग्न होऊन शहरात आले, टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटर शिकले, मग गल्लीतल्या बायकापोरांना शिकवायला लागले. शिकवता शिकवता दुरुस्ती गळ्यात पडली आणि तीच आवडली. दुकान टाकलं तेव्हा लोक दारातून डोकावून विचारायचे, "साहेब कुठंयत?" मी म्हणायची, "साहेब वाळूजला ड्यूटीवर आहेत, तुमचा कॉम्प्युटर इथं ठेवा." काम झाल्यावर ही माणसं मला मॅडम म्हणत जायची. काही पुन्हा आली तरी पुन्हा साहेबांनाच शोधायची, त्यांना मी चहा देत नसे.

माझं खास काम कुठलं, ते आता सांगते. कॉम्प्युटरवर तुम्ही जे काही साठवता, म्हणजे फोटो, पत्र, हिशेब, गाणं, त्या प्रत्येकाची एक फाइल असते. फाइलच्या नावाच्या शेवटी एक टिंब असतं आणि टिंबापुढं दोन-चार अक्षरं. बऱ्याचदा ती लपवलेलीच असतात, म्हणून लोकांना ठाऊकही नसतं. तुम्ही फाइलवर दोनदा टिचकी मारता तेव्हा कॉम्प्युटर आत काय आहे ते बघत नाही. तो फक्त ती शेवटची अक्षरं बघतो आणि आपल्या नोंदीत शोधतो की या अक्षरांची फाइल कुणाच्या हवाली करायची. फोटो असेल तर फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामाच्या, पत्र असेल तर पत्र लिहिणाऱ्याच्या. ही नोंद बिघडली की फाइल भलत्याच्या हाती पडते. मग फोटोच्या जागी पडदाभर चित्रविचित्र चिन्हं येतात, नाहीतर "ही फाइल उघडता येत नाही" अशी पाटी येते. फाइल बिचारी जिथल्या तिथं धडधाकट असते.

नोंद बिघडते दोन प्रकारांनी. एक तर नवा प्रोग्राम येतो आणि न विचारता दुसऱ्याच्या फायली आपल्या नावावर करून घेतो. नाहीतर कॉम्प्युटर विचारतो, "ही फाइल नेहमी यानेच उघडू का?" आणि माणूस घाईत "हो" म्हणून मोकळा होतो. त्या "नेहमी"नं माझ्या संसाराला चांगला हातभार लावला आहे.

आता असं झालं की लोकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो व्हायरस. आणि गल्लीतल्या दुकानातून दुसरा शब्द येतो, फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून कॉम्प्युटर कोरा करायचा. दाढ दुखली म्हणून मुंडकं उडवण्यातला प्रकार! मला या शब्दाचा मनापासून राग आहे. अभिमानानं सांगते, नोंद बिघडली म्हणून मी आजवर एकही कॉम्प्युटर फॉरमॅट केलेला नाही.

पिशोरहून एक आलं-अद्रकीचे व्यापारी आले होते. पांढरे स्वच्छ कपडे, कपाळाला अष्टगंध. रुमालात काहीतरी जपून बांधून आणलेलं. रुमाल सोडला तर आत माउस.

"याला बघा मॅडम. लई वाह्यात झालंय."

"आणि कॉम्प्युटर कुठंय?"

"कॉम्प्युटर चांगलाय, त्याला कशाला आणू? क्लिक तर यानंच होतं ना. कशावरबी क्लिक करा, नोटपॅडच उघडतंय. बँकेवर करा, नोटपॅड. पोराच्या गेमवर करा, नोटपॅड."

मला हसू आवरेना, पण माणूस तर्काला पक्का होता. झालं होतं असं की पडद्यावरची जी लहान लहान चित्रं असतात, तीसुद्धा एका प्रकारच्या फायलीच. त्यांतल्या एकीला त्यांनी "नेहमी नोटपॅडनंच उघड" असं सांगून टाकलं होतं. झालं, सगळी चित्रं एका रात्रीत नोटपॅडची झाली. अशा वेळी माउसचा काही उपयोग नसतो, कारण ज्या चित्राला टिचकी माराल ते नोटपॅडच आणणार. कळफलकावरून मागच्या दारानं आत शिरावं लागतं. त्यांना माउस पुन्हा रुमालात बांधून दिला आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून एकेक अक्षर सांगून ती नोंद पुसायला लावली. पलीकडं मागं आल्याच्या गोण्या उतरवणाऱ्या हमालांचा आवाज चाललेला. शेवटी ते एकदम ओरडले, "आली! बँक आली!" मागचे हमालसुद्धा ओरडले. पुढच्या हंगामात त्यांनी मला आल्याची एक पिशवी पाठवली. ती संपवता संपवता आमच्या घरातला चहा इतका तिखट झाला होता की पाहुणे अर्धा कप ठेवून उठायचे.

शकीलभाईंची तऱ्हा वेगळी. जुन्या शहरात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. कुणीतरी पाठवलेली डिझाइनची फाइल उघडत नव्हती, तर त्यांनी तिच्या शेवटची अक्षरं खोडून फोटोची अक्षरं लिहिली. मग ती अजिबातच उघडेना.

"मैंने नाम बदल दिया ना मॅडम, अब तो फोटो होना चाहिए था."

"शकीलभाई, चप्पल की दुकान पे मिठाई का बोर्ड लगाए तो अंदर जलेबी मिलती क्या?"

"नक्को बोलो मॅडम, कल निकाह का कार्ड छापना है," असं म्हणत तेही हसायला लागले. मी नाव पूर्वीचं केलं, योग्य तो प्रोग्राम दाखवला आणि कार्ड छापलं गेलं. त्या निकाहाचं आमंत्रण मलाही आलं होतं, जाऊन बिर्याणी खाऊन आले.

पण सगळीच कामं अशी हसत संपली नाहीत. माझ्या माहेरच्या गावचे एक फोटोग्राफर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. गावातल्या शाळेचे, लग्नांचे, गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो त्यांच्याकडं होते. एक दिवस फोटोंच्या सगळ्या फायलींवरची लहान चित्रं बदलून पांढरी झाली आणि फोटो उघडेनात. त्यांनी मला निरोप पाठवला, मी म्हटलं उद्या सकाळी येते, तोवर हात लावू नका. तेवढ्यात कुणीतरी शहाणा भेटला आणि त्याच संध्याकाळी फॉरमॅट मारून मोकळा झाला. मी सकाळी पोहोचले तेव्हा कॉम्प्युटर लख्ख होता, पडद्यावर हिरवं माळरान आणि निळं आभाळ, बाकी काही नाही. काका म्हणाले, "चालू तर झालाय, पण फोटो कुठं दिसंनात." एका टिचकीचं काम होतं ते. माझ्या आईचा एकुलता एक चांगला फोटोही त्यांच्याचकडं होता. अजून कुणाच्या तोंडून फॉरमॅट शब्द ऐकला की माझं डोकं भणाणतं ते त्या सकाळमुळं.

म्हणूनच सुनीताचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले.

सुनीता माझी जुनी विद्यार्थिनी. कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली सून, पण नवऱ्याच्या नोकरीपायी वाळूजशेजारच्या रांजणगावला दोन खोल्यांत राहायला आलेली. नवरा ज्ञानेश्वर वाळूजच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या कामावर. सुनीतानं कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरीचं मशीन घेतलं होतं आणि ब्लाउजवर भरतकाम करून द्यायची. मशीन सुईदोऱ्यानं नक्षी काढतं, पण कुठला टाका कुठं पडायचा ते आधी कॉम्प्युटरवर बसून ठरवावं लागतं. याला त्या धंद्यात पंचिंग म्हणतात. विकतच्या नक्ष्या सगळ्यांकडं सारख्याच असतात. सुनीता स्वतःच्या नक्ष्या पंच करायची. मान वळवलेला मोर, करडईची बोंडं, गावच्या देवळाच्या चौकटीवरची वेल. रांजणगावात तिचा ब्लाउज लांबून ओळखू यायचा आणि लग्नसराईत तिच्या दाराशी बायकांची रांग असायची.

फोनवर ती रडत होती. "ताई, माझ्या डिझाइनी जाणार आता. पुन्हा एकबी उघडंना. आणि हे आत्ता कॉम्प्युटर फॉरमॅटला न्यायला निघालेत. ऐकतच नायत माझं."

"डिझाइनी कुठं ठेवल्यात तू?"

"समोरच. डेस्कटॉपवर."

आमच्या लोकांचा सगळा जीव डेस्कटॉपवर असतो, कारण तो डोळ्यांसमोर दिसतो. आणि फॉरमॅट मारला की पहिली पुसली जाते ती हीच जागा. तिच्याकडं दुसरी नक्कल नव्हती. पेनड्राइव्हवर एका वेळी एकच नक्षी घ्यायची, मशीनला लावायची, काम झालं की पुसून दुसरी घ्यायची, ही तिची पद्धत.

मी रिक्षानं पोहोचले तर ज्ञानेश्वर दारात मोटारसायकल चालू करून बसलेला. पेट्रोलच्या टाकीवर कॉम्प्युटरचा डबा, त्याला टॉवेल गुंडाळून वरून दोरी आवळलेली. मी जाऊन सरळ पुढच्या चाकापाशी उभी राहिले.

"मॅडम, बाजूला व्हा. व्हायरस घुसलाय त्यात."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? माझी कामाची फाइल उघडली की हिची एम्ब्रॉयडरी सुरू होती. मी नीट करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीबाहेरचं एक मोठं काम मिळालंय मला, घरून करायचंय. पार्टी रोज विचारतीय. आता फॉरमॅट मारतो आणि याच्यावर फक्त माझं काम. हिनं काय ते दुसरीकडं बघावं."

"दुसरीकडं कुठं बघू?" सुनीता दारातून म्हणाली. "मशीन काय पाट्यावरवंट्यावर चालवू?"

घरात किती दिवसांचं साठलेलं असेल ते या दोन वाक्यांतच कळलं. मी म्हटलं, "ज्ञानेश्वर, मला एकदा बघू दे. व्हायरस निघाला तर मी स्वतः तुझ्यामागं गाडीवर बसून दुकानात येते." त्यानं जरा वेळ गाडी तशीच चालू ठेवली, मग बंद केली. दोरी सोडली.

आत खाटेवर त्याची आई बसलेली होती. सखुबाई त्यांचं नाव. गुडघे थकेपर्यंत मेंढरं राखलेली बाई. हिरवं लुगडं, हातात तपकिरीची डबी. मी बसले तशा म्हणाल्या, "बघ माय तूच. दोघं बोलंनात एकमेकांशी. मी मधी बसून भाकर खाती, ती गोड लागंना."

कॉम्प्युटर जोडला. पहिलं काम माझं ठरलेलं आहे. काहीही बघायच्या आधी सगळं दुसरीकडं उतरवून घ्यायचं. सुनीताच्या नक्ष्यांची नक्कल माझ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मग माझा जीव भांड्यात पडला. मग लपलेली अक्षरं दिसतील असं केलं आणि बघत राहिले.

इतक्या वर्षांत हे मला कधी भेटलं नव्हतं. सुनीताच्या नक्ष्यांच्या शेवटी अक्षरं होती डीएसटी. जगभर एम्ब्रॉयडरीच्या मशीनला हीच अक्षरं चालतात. आणि ज्ञानेश्वरनं त्या बाहेरच्या कामासाठी जो ड्रॉइंगचा नवा प्रोग्राम टाकला होता, त्यात एका कामाची सगळी ड्रॉइंग एकत्र बांधून ठेवणारी एक फाइल असते. तिची अक्षरं, डीएसटी. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एकात टाके, दुसऱ्यात ड्रॉइंगचे गठ्ठे. पण शेवटची अक्षरं तीच, आणि कॉम्प्युटर बघतो ती अक्षरंच.

नवा प्रोग्राम आला, त्यानं सगळ्या डीएसटी आपल्या नावावर केल्या. सुनीताचा मोर ड्रॉइंगवाल्याकडं गेला, त्यानं हात वर केले. सुनीतानं शेजारणीला विचारून "नेहमी एम्ब्रॉयडरीनंच उघड" असं केलं. तिचं काम सुरू झालं, ह्याची फाइल एम्ब्रॉयडरीत जाऊन अडकली. ड्यूटीवरून आल्यावर ह्यानं "नेहमी ड्रॉइंगनंच" केलं. सकाळी पुन्हा तिनं. असं चाललेलं होतं, आणि दोघंही आपापल्या परीनं फक्त दुरुस्ती करत होते.

मी हे सांगितलं तेव्हा ज्ञानेश्वर खाली बघत म्हणाला, "मला वाटलं ही मुद्दाम करती."

"आणि मला वाटलं तुम्ही," सुनीता म्हणाली. "माझा धंदा डोळ्यांत खुपतोय म्हणून."

मला वाटलं, झालं काम. पण ज्ञानेश्वरनं लगेच विचारलं, "मग आता डीएसटी कुणाची?" आणि मी अडकले. आजवरच्या प्रत्येक भानगडीत एक खरा मालक असायचा आणि एक घुसखोर. घुसखोराला बाहेर काढलं की संपलं. इथं दोघंही खरे. आणि त्या अक्षरांना कॉम्प्युटर एकच मालक देतो.

मी म्हटलं, "दोघांची वेगळी खाती करून देते. तू तुझ्या नावानं आत जायचं, तिनं तिच्या. दोन्हीकडं वेगवेगळी नोंद राहील."

"म्हंजी वेगळं निघायचं व्हय?" खाटेवरून सखुबाई म्हणाल्या.

"तसं नाही मावशी..."

"तसं नाय तर कसं? माझ्यादेखत घरात दोन चुली मांडती का काय ही बाई?"

सुनीतालाही ते पटेना. पडद्यावर मोर पंच होत असताना मधेच ह्याला ड्रॉइंग बघायचं असतं, दर वेळी बाहेर जा, आत या, ते कोण करणार? ज्ञानेश्वर म्हणाला, "मग माझं ड्रॉइंगचं काम पहिलं." सुनीता म्हणाली, "माझ्या डिझाइनी तुमच्या प्रोग्रामाच्या आधीपासून हायेत इथं." पुन्हा तिथंच.

सखुबाईंनी तपकिरीची डबी बंद केली आणि मला विचारलं, "मला नीट सांग माय. दोन कळप हायेत, बराबर? आणि दोघांच्या मेंढरांवर एकच खूण?"

मी म्हटलं, "अगदी तसंच."

"ह्ये आमच्यात झालंय." त्या खाटेवरून पुढं सरकल्या. "आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा असायचा. एकदा पिशोरच्या पुढं पाण्यावर उतरलो, तर समोरून दुसरा कळप आला. त्यांच्याबी पाठीवर तसलाच पट्टा, तसाच गेरू. सगळी मेंढरं एकात एक. गडीमाणसं काठ्या घिऊन उठली, ह्ये माझं, ह्ये तुझं. आता रगत निघतंय असं मला वाटाय लागलं. तवा माझा सासरा म्हणला, अरं पट्टा काय बघता? मेंढराला कशाला इचारता तू कुणाचं? तुम्ही लांब जाऊन हुबं ऱ्हा आणि आपापली हाक मारा."

"मग?" ज्ञानेश्वरनं विचारलं. आईची ही गोष्ट त्यानंही ऐकलेली नसावी.

"मग काय? ते तिकडं गेले, आम्ही हिकडं. त्यांनी त्यांची हाक दिली, आम्ही आमची. घडीभरात आमची आमच्याकडं आली, त्यांची त्यांच्याकडं. एक कोकरू तेवढं मधीच बसलं, ते कुणाचंच ऐकंना. त्याला मी उचलून आणलं, पुढं लई मोठं झालं ते."

मी खुर्चीत मागं टेकले आणि मोठ्यानं हसले. कारण कॉम्प्युटरमध्ये ही हाक असतेच. आधी प्रोग्राम उघडायचा, मग त्याच्या आतून फाइल बोलवायची. माझ्या वर्गात पहिल्याच धड्यात मी हे शिकवते, पण सगळे पुढं टिचकीलाच सरावतात, आणि मीही सरावले होते. नोंद कुणाच्या नावावर, यातच माझं डोकं अडकलं होतं. आतून बोलावलं तर नोंद कुणी विचारतच नाही.

"सुनीता, आता कुठल्याही फाइलला टिचकी मारायची नाही. तुझा प्रोग्राम उघड. आता आतून 'उघडा' म्हण आणि तुझा मोर बोलव."

एम्ब्रॉयडरीचा प्रोग्राम उघडला, पांढरा पडदा आला. तिनं मोराचं नाव निवडलं. आधी निळी मान आली, मग मागं वळलेली चोच, मग पिसारा, टाका टाका मोजून घ्यावा इतका स्वच्छ. सुनीतानं तोंडावर पदर दाबला आणि हमसून हमसून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला करमाडचे काका आठवले, आणि हा मोर तरी वाचला म्हणून इतकं बरं वाटलं की ते शब्दांत सांगता येत नाही.

मग ज्ञानेश्वर खुर्चीवर बसला. त्यानं आपला प्रोग्राम उघडून आतून आपली फाइल बोलावली, तीही आली. सखुबाईंनी मान हलवली, जणू दोन्ही कळप त्यांनी स्वतःच मोजून घेतले. मी दोघांना दोन वेगळे फोल्डर करून दिले, प्रत्येक प्रोग्राम आपल्याच फोल्डरात डोकावेल अशी व्यवस्था केली, नक्ष्यांची एक कायमची नक्कल सुनीताच्या हवाली केली आणि डेस्कटॉपवर काही ठेवशील तर याद राख म्हणून दम भरला. निघताना बघितलं तर ज्ञानेश्वर ती दोरी गुंडाळत होता आणि सुनीताला विचारत होता, "हा मोर तू काढलाय? मला कधी दाखवला नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही कधी बघितलं?" पण आवाजात आधीचा राग नव्हता.

आता आमचं हे काम कमी होत चाललंय. फायली कुठंतरी आभाळात असतात, फोन स्वतःच ठरवतो काय कशानं उघडायचं, आणि लोक विचारतही नाहीत. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण कुणी विचारलं की आयुष्यात काय केलंस, तर मी मान ताठ ठेवून सांगते की लोकांनी मेल्या म्हणून सोडलेल्या वस्तू मी त्यांना जिवंत दाखवल्या.

यंदा खंडेनवमीला सकाळी ह्यांनी पाट मांडला, नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीसारखे हात जोडले. तेवढ्यात सुनीताचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, "काय बिघडलं?" ती म्हणाली, "काहीच नाय ताई. दुपारून पूजेला या."

रांजणगावच्या त्या खोलीत एका टेबलावर सगळं मांडलेलं होतं. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, एम्ब्रॉयडरीच्या मशीनला माळ, ज्ञानेश्वरची पट्टी आणि गुण्या, सुनीताच्या कात्र्या. आणि सगळ्यांच्या मधोमध सखुबाईंची मेंढरं राखायची काठी, हाताच्या घामानं काळी झालेली. भिंतीवर मोराचं भरतकाम चौकट करून लावलेलं. ते ज्ञानेश्वरनं लावलं, असं सुनीतानं मला हळूच सांगितलं.

सखुबाई म्हणाल्या, "तुझं हत्यार आणलंस का माय?"

"माझ्याकडं हत्यारच नाही मावशी."

"नाय कसं? त्या दिवशी मी बघत नव्हते व्हय?" असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले, खडबडीत अंगठ्यानं एकेका बोटाला हळद लावली, कुंकू लावलं आणि ओंजळीत झेंडूचं फूल ठेवलं.

संध्याकाळी घरी आले. हे पाटापाशी उदबत्ती लावत होते. मी हात पुढं केले. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझी पिवळी-लाल बोटं बघितली. मग पाटावरचा मायक्रोमीटर जरा बाजूला सरकवून जागा केली आणि म्हणाले, "ठेव."

मी हात पाटावर ठेवले, ह्यांनी त्यांवर फूल वाहिलं. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम लावायचं नाही हा नियम आमच्या घरात कडक असल्यामुळं, त्या रात्रीचा स्वयंपाक ह्यांनी केला.